मुंबईच्या हवेतले 'बाहेरचे' प्रदूषण: येते कुठून आणि सोसतो कोण?

पावसाळा संपला, ऑक्टोबरचे ऊन सरले की मुंबईवर धुरक्याचा पडदा उतरतो. इमारती धूसर दिसू लागतात, घसा खवखवतो, दवाखान्यात खोकल्याच्या रुग्णांची रांग वाढते. त्याबरोबर एक जुना वादही सुरू होतो. कुणी म्हणते, उत्तरेकडून धूळ आली. कुणी म्हणते, हा भिवंडी-तळोजाचा धूर आहे. ठाणे आणि नवी मुंबईचे लोक मुंबईकडे बोट दाखवतात, मुंबईचे लोक ठाणे-नवी मुंबईकडे. प्रशासनाला विचारले तर वारा मंदावल्याचे सांगितले जाते.

यातल्या प्रत्येक म्हणण्यात काही तथ्य आहे. मोठ्या शहराच्या हवेत बाहेरून आलेले प्रदूषण असते, हे शास्त्राने मान्य केलेले आहे. पण 'बाहेरून' म्हणजे नेमके कुठून, हे न विचारता आपण तो शब्द वापरला की जबाबदारी हवेत विरून जाते. कुणीच दोषी राहत नाही. मी वस्तीपातळीवर आरोग्य आणि निवाऱ्याच्या प्रश्नांवर काम करते. तिथे हा प्रश्न रोजचा आहे. म्हणून हे गणित सोप्या भाषेत मांडावेसे वाटले.

हवेतला कण किती लांब जातो?

हवेच्या प्रदूषणाची चर्चा प्रामुख्याने दोन प्रकारच्या कणांभोवती फिरते. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण. यात रस्त्यावरची माती, बांधकामाची धूळ, खडी क्रशरची पूड असे जाडसर कण असतात. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे. ते मुख्यतः जळण्यातून तयार होतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, प्लास्टिक.

जाडसर धूळ साधारणपणे काही तासांत, फार तर दिवसभरात खाली बसते. तिला लांब न्यायला जोराचे वादळ लागते. बारीक कण मात्र कित्येक दिवस हवेत तरंगत राहू शकतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. हेच कण फुप्फुसात खोलवर जातात आणि रक्तापर्यंत पोहोचतात. लांबचा प्रवास करू शकणारे कणच शरीराला जास्त घातक आहेत.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सगळे बारीक कण चिमणीतून कण म्हणून बाहेर पडत नाहीत. कोळसा जाळल्यावर सल्फर डायऑक्साइड हा वायू बाहेर येतो, वाहनांतून नायट्रोजनचे ऑक्साइड येतात, शेतीतल्या खतांतून आणि जनावरांच्या मलमूत्रातून अमोनिया येतो. हे वायू वाऱ्याबरोबर जात असताना त्यांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होते आणि वाटेत सल्फेट आणि नायट्रेटचे बारीक कण तयार होतात. त्यामुळे चिमणी एका जिल्ह्यात असते आणि तिच्यातून जन्मलेला कण दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाच्या श्वासात जातो. चिमणीच्या पायथ्याशी उभे राहून मोजले तर हा कण दिसणारच नाही.

दिवसाचा वारा, रात्रीचा वारा

मुंबईला समुद्र लाभला आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची तुलनेने स्वच्छ हवा आत येते. हा खारा वारा मुंबईचा धूर पूर्वेकडे, म्हणजे ठाणे, नवी मुंबई, कल्याणच्या दिशेने ढकलतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा फिरतो. आता तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पूर्वेकडच्या पट्ट्यातला धूर मुंबईवर घेऊन येतो. समुद्रावर गेलेला धूरही सगळा नाहीसा होतोच असे नाही. सकाळी वारा पुन्हा फिरला की त्यातला काही भाग परत किनाऱ्यावर येऊ शकतो.

म्हणजे दिवसा ठाणेकरांसाठी मुंबई 'बाहेर' असते आणि रात्री मुंबईकरांसाठी ठाणे 'बाहेर' असते. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघेही अर्धे खरे असतात.

पावसाळ्यात हा हिशेब फारसा जाणवत नाही. नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात वाऱ्याचा जोर कमी होतो, तो ईशान्य आणि उत्तरेकडून जमिनीवरून येऊ लागतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. पहाटे आणि सकाळी हवा सर्वांत वाईट का असते, त्याचे एक मोठे कारण हेच.

२०२२-२३ चा हिवाळा आठवून पाहा. त्या वर्षी मुंबईची हवा इतकी बिघडली की काही दिवशी ती दिल्लीपेक्षाही वाईट असल्याच्या बातम्या आल्या. हवामानशास्त्रज्ञ गुफ्रान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या असामान्य हिवाळ्याचा संबंध सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निनाशी जोडला. प्रशांत महासागरातल्या त्या बदलामुळे इथल्या वाऱ्यांचे नेहमीचे गणित बिघडले. पण इथे एक साधा तर्क लक्षात ठेवला पाहिजे. वारा मंदावल्याने धूर तयार होत नाही. तयार झालेला धूर फक्त जागच्या जागी अडकतो. ज्या शहराला रोज खाऱ्या वाऱ्याने झाडून काढावे लागते, त्या शहरात मुळात कचरा किती होतो, हे त्या हिवाळ्याने दाखवून दिले.

वाळवंटातून आलेली धूळ

आता खरोखर लांबून येणाऱ्या प्रदूषणाकडे येऊ. २२ जानेवारी २०२२ रोजी कराची परिसरात धुळीचे वादळ झाले. सुमारे नऊशे किलोमीटरचा प्रवास करून ती धूळ गुजरातमार्गे दुसऱ्या दिवशी, २३ जानेवारीला मुंबईत पोहोचली. गाड्यांवर, गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढुरका थर बसला. दिवसाही थंडी वाजत होती आणि हवेचा निर्देशांक 'अति वाईट' श्रेणीत गेला. त्याआधी एप्रिल २०१५ च्या सुरुवातीला अरबी द्वीपकल्पात उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली होती.

अशा घटनांवर कुठल्याही महापालिकेचे नियंत्रण नसते. उपग्रहाच्या चित्रांवरून एखादा दिवस आधी इशारा देता येतो. शाळांची मैदानी कवायत थांबवता येते, दमेकऱ्यांना घरात राहायला सांगता येते. पण या घटना वर्षातून मोजक्याच दिवशी होतात. आपल्या मुलांचा खोकला मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी टिकतो. म्हणून कराचीची धूळ खरी असली तरी ती त्या चार महिन्यांचे उत्तर होऊ शकत नाही.

शेजारचे 'बाहेर'

चार महिन्यांचे उत्तर जवळपास शोधावे लागते. मुंबई महानगर प्रदेशाचे क्षेत्रफळ ६,३२८ चौरस किलोमीटर आहे. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. या प्रदेशात मुंबईसह नऊ महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय नगरपालिका आणि शेकडो गावे. नऊ महापालिकांना नऊ आयुक्त आहेत, पण वरची हवा एकच आहे.

या पट्ट्यात काय काय आहे ते पाहा. तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्टा, पाताळगंगा इथल्या रासायनिक आणि इतर कारखान्यांच्या वसाहती. भिवंडीतले यंत्रमाग आणि गोदामे, तिथे येणारे-जाणारे हजारो ट्रक. उरणजवळच्या जेएनपीए बंदराकडे चाललेली कंटेनरची वाहतूक. दगडखाणी आणि खडी क्रशर. भिवंडी, कल्याण, मुरबाड, पनवेल, कर्जत भागातल्या वीटभट्ट्या. उत्तरेला पालघर जिल्ह्यातले तारापूरचे औद्योगिक क्षेत्र आणि डहाणूचे कोळशावरचे वीज केंद्र.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली ४३ औद्योगिक क्षेत्रे 'अतिप्रदूषित' म्हणून जाहीर केली. त्यात महाराष्ट्रातली पाच होती: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. त्यांपैकी डोंबिवली, नवी मुंबई आणि तारापूर ही तीन मुंबईच्या अवतीभवती आहेत. वारा उत्तरेकडून वा पूर्वेकडून आला तर तो कशावरून येतो, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको.

वीटभट्टीचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ. भट्ट्या पावसाळा संपल्यावर पेटतात आणि पुढच्या पावसापर्यंत चालतात. म्हणजे हवा कोंडण्याचा आणि भट्ट्या पेटण्याचा हंगाम एकच. तिथे राबणाऱ्यांत कातकरी आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी ती सहा-सात महिने भट्टीवरच झोपडी बांधून राहतात. मुले शाळेतून तुटतात. भट्टीचा धूर मुंबईला पोहोचेपर्यंत विरळ होतो. त्या झोपडीत मात्र तो पूर्ण जोमाने असतो. आणि ती वीट कुठे जाते? मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर.

दिल्लीने काय शिकवले?

बाहेरच्या प्रदूषणाचा सर्वाधिक अभ्यास दिल्लीत झाला आहे. टेरी आणि एआरएआय या संस्थांनी २०१८ मध्ये सादर केलेल्या अभ्यासानुसार हिवाळ्यात दिल्लीच्या पीएम २.५ मध्ये दिल्लीचा स्वतःचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. ३४ टक्के राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या आसपासच्या शहरांतून, तर उरलेले ३० टक्के त्याहूनही लांबून येत होते. उन्हाळ्यात दिल्लीचा स्वतःचा वाटा आणखी कमी, २६ टक्क्यांच्या आसपास होता.

हे वाचून पटकन वाटेल की दिल्ली निर्दोष आहे. दिल्लीतली चर्चा पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांवर येऊन थांबते ती यामुळेच. तिकडे भाताची कापणी झाल्यावर उरलेले खुंट जाळले जातात, हे खरे आहे. पण ते का जाळले जातात? भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये दोन्ही राज्यांनी कायदे करून भाताची लावणी पुढे, जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे कापणी उशिरा होते आणि गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. यंत्राने कापणी केल्यावर खुंट उभे राहतात, ते काढायला मजूर आणि पैसा लागतो. काडी पेटवणे सर्वांत स्वस्त पडते. शिवाय हे जाळणे नोव्हेंबर संपेपर्यंत आटोपते. दिल्लीची हवा मात्र डिसेंबर-जानेवारीतही तितकीच विषारी असते. त्या दोन महिन्यांचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही.

दिल्लीकडून घेण्यासारखा खरा धडा वेगळा आहे. वेगवेगळ्या राज्यांची हवा एकत्र सांभाळण्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये अध्यादेशाने एक आयोग नेमला गेला आणि २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश यांना आदेश देण्याचा अधिकार त्याला आहे. या आयोगाच्या कामावर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत, पण हवेचा कारभार शहराच्या हद्दीत बांधून ठेवता येत नाही, हे तत्त्व तिथे कायद्याने मान्य झाले. मुंबई महानगर प्रदेशासाठी अशी कायद्याने अधिकार दिलेली एकच यंत्रणा अजून नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही मुंबई, नवी मुंबई, ठाणे, उल्हासनगर, बदलापूर यांचे आराखडे वेगवेगळे आहेत.

'बाहेर' तयार कसे होते?

इथे समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. प्रदूषण बाहेरून येते म्हणताना, ते बाहेर नेले कुणी, हेही विचारायला हवे. मोठे शहर आपली घाण कामे स्वतःच्या मध्यावर ठेवत नाही. ती कडेला ढकलते. जिथे जमीन स्वस्त असते आणि माणसांचा आवाज क्षीण असतो, तिथे ती जाऊन बसतात.

विजेचे उदाहरण घ्या. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट वीज वाहून नेणारी वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टाकण्यात आली. वीज पश्चिमेकडे येते, राख आणि धूर चंद्रपुरात राहतो. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी त्या चिमण्या पाहिल्या असतील. दुर्गापूर, ऊर्जानगरच्या लोकांसाठी मुंबईचा प्रकाश हेच 'बाहेरून आलेले' प्रदूषण आहे. फक्त ते वाऱ्याने न येता मागणीच्या रूपाने येते.

शहराच्या आतही 'बाहेर' असते. एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनार हा पट्टा त्याचे ठळक उदाहरण. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग तळाशी होता. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा टाकला जातो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला, आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो कचरा गोवंडीचा नव्हता, साऱ्या मुंबईचा होता. त्यावर उपजीविका करणाऱ्या कचरावेचक स्त्रिया बहुसंख्येने दलित, भटक्या आणि मुस्लिम समाजातल्या. शहराने आपली घाण कुणाच्या दारात ठेवली, याला जातीचा आणि गरिबीचा नकाशा आहे.

याच भागात रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारण्यात आला. रहिवाशांनी अनेक वर्षे लढा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलवण्याचे निर्देश दिले. गोवंडीच्या लोकांचा हा मोठा विजय आहे आणि तो त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवला. पण खालापूरच्या लोकांनी कुणाकडे जायचे? कचरा मुंबईच्या रुग्णालयांचा, जागा रायगडची. उद्या पूर्वेचा वारा सुटला आणि तिकडचा धूर मुंबईकडे आला, तर आपण त्याला पुन्हा 'बाहेरचे प्रदूषण' म्हणणार.

माहुलची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे धूर लोकांकडे नेला नाही. लोकांना धुराकडे नेले. तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांचे साठे आणि औष्णिक वीज केंद्र यांच्या सान्निध्यात प्रकल्पग्रस्तांसाठी इमारतींची वसाहत उभी राहिली. माहुल-आंबापाडा इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरे तुटलेल्या कुटुंबांना तिथे पाठवण्यात आले. लोकांनी रस्त्यावर बसून आंदोलन केले, न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले.

उपायांचा भार कुणावर?

हवा बिघडली की सरकार काय करते, याकडेही डोळसपणे पाहावे. बृहन्मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी उच्च न्यायालयानेही स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. डिसेंबर २०२४ च्या शेवटी भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामे काही काळ थांबवण्यात आली. धूळ रोखायची तर हे करावेच लागेल.

पण काम थांबले की नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची त्या दिवसाची चूल थांबते. तो ज्या धुळीत दिवसभर राबतो ती धूळ सर्वांत जास्त त्याच्याच फुप्फुसात गेलेली असते, आणि धूळ थांबवण्याचा खर्चही त्यालाच द्यावा लागतो. दिल्लीत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बांधकामे बंद असताना मजुरांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाह भत्ता द्यावा, असे न्यायालयाने सांगितले आणि दिल्ली सरकारने ८,००० रुपयांपैकी २,००० रुपयेच दिल्याचे समोर आल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये खडसावलेही.

महाराष्ट्रातही बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. तो पैसा मजुरांचाच आहे. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या स्त्री-पुरुषांना मंडळात नोंदणी करता येते. आपल्या वस्तीत असे कितीतरी जण आहेत ज्यांची नोंदणी नाही किंवा नूतनीकरण झालेले नाही. भत्त्याची मागणी करायची तर आधी नोंदणी हवी. बुद्धविहारातल्या रविवारच्या बैठकीत एक तास या अर्जांसाठी ठेवला तरी बरेच काम होईल.

आकडा वाचायला शिकू या

केंद्रीय मंडळाचे 'समीर' हे मोफत ॲप मोबाइलवर घेता येते. त्यात जवळच्या केंद्राचा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्यापुढे गंभीर. पण नुसता आकडा पाहून थांबू नका. बाहेरचे आणि घरचे ओळखण्याच्या तीन साध्या खुणा आहेत.

पहिली खूण: शहरातल्या सगळ्या केंद्रांचे आकडे एकाच वेळी चढले, तर कारण मोठ्या प्रदेशातले आहे, लांबून आलेली धूळ किंवा कोंडलेली हवा. एकट्या आपल्याच भागाचा आकडा चढला, तर कारण आपल्या आसपास आहे.

दुसरी खूण: पीएम १० फार वाढले आणि पीएम २.५ त्या मानाने कमी वाढले, तर ती धूळ आहे. पीएम २.५ चा वाटा मोठा असेल, तर कुठेतरी काहीतरी जळते आहे.

तिसरी खूण: वेळ आणि वारा. भर दुपारी, खारा वारा चालू असताना आकडा चढत असेल तर पश्चिमेकडे समुद्र आणि शहरच आहे, हे लक्षात घ्या. रात्री उशिरा चढत असेल तर पूर्वेच्या पट्ट्याचा विचार करा.

या खुणा पक्क्या निदानासाठी पुरेशा नाहीत, पण तक्रार कुणाकडे करायची हे ठरवायला पुरतात. तक्रारीत तारीख, वेळ, ठिकाण, छायाचित्र आणि त्या वेळचा निर्देशांक लिहा. दहा घरांनी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दहा तक्रारी एका मोठ्या निवेदनापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यातून क्रम दिसतो. आकडा २०० च्या वर असेल तेव्हा पहाटेचे फिरणे आणि मुलांचे खेळणे ऊन वर येईपर्यंत पुढे ढकला. बारीक कणांना रुमाल अडवत नाही. दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बाहेर पडताना एन ९५ मास्क वापरावा.

मागायचे काय?

भारताच्या मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. दोन्हींमध्ये आठपट अंतर आहे. म्हणून 'मानकाच्या आत' असे उत्तर मिळाले तरी समाधान मानू नये.

आपल्या मागण्या तीन असाव्यात. एक, नऊ महापालिका, औद्योगिक वसाहती आणि आसपासचे जिल्हे यांच्या हवेसाठी एकच, अधिकार असलेली यंत्रणा. तिच्यात वस्त्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी. दोन, गोवंडी, माहुल, तळोजा, भिवंडीसारख्या ठिकाणी पुरेशी मोजणी केंद्रे आणि कुठल्या स्रोताचा किती वाटा, याचा दरवर्षी मराठीत प्रसिद्ध होणारा हिशेब. तीन, एका वस्तीतून उचललेला धूर दुसऱ्या वस्तीच्या दारात नेऊन टाकण्याला उपाय म्हणायचे नाही; कुठलाही प्रकल्प हलवताना तिथल्या लोकांची संमती आणि स्वच्छ तंत्र बंधनकारक असावे.

येत्या निवडणुकीत कुणी मत मागायला आले तर हे तीन प्रश्न विचारा. उत्तर म्हणून 'प्रदूषण बाहेरून येते' असे ऐकायला मिळाले, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: कुठून, किती, आणि ते तिथे कुणासाठी तयार होते?